भोक पाडलेलं सोनेरी कासव

माझ्या चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत कवळीताई काम करतात. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, ताई त्यांवरून कवळ्या बनवतात. पन्नाशी उलटलीय, जिभेला हाड नाही, आणि हात मात्र असा स्थिर की बघत राहावं.

ताईंना आणि त्यांच्या थोरल्या भावाला एकच नाद होता, लढाईच्या कार्डांचा. प्राणी, जादूगार, किल्ले अशी कार्डं बंद पाकिटात मिळतात; आत काय निघेल ते नशीब. पंधरा वर्षं दोघांनी अर्धे-अर्धे पैसे घालून पाकिटं घेतली. पुढे दादांनी रविवारचा क्लब काढला आणि सगळी कार्डं अल्बममध्ये बंद केली. क्लबात नियम एकच: ज्याने त्याने आपली कार्डं आणायची.

मी हौसेने गेलो आणि दादांपुढे चौथ्या खेळीतच आडवा झालो.

"तुझ्याकडे मालच नाही रे!" दादा हसले.

"तो कुठे हरला? त्याचं पाकीट हरलं," ताई ताडकन म्हणाल्या. "नव्या माणसाने इथे काय नुसता मार खायला यायचं?"

"मग तू काढ ना धर्मशाळा!"

"काढते."

त्याच संध्याकाळी त्यांनी अल्बममधला आपला अर्धा वाटा मोजून घेतला. तीन आठवडे खपून तीनशे साठ कार्डं निवडली. प्रत्येक एकदाच, आणि एकट्याच्या जोरावर डाव मारून नेणारं एकही नाही. ती सगळी प्लॅस्टरच्या रिकाम्या डब्यात भरली. आठ जणांनी बसायचं. प्रत्येकाला पंधरा-पंधरा कार्डांचे तीन गठ्ठे. गठ्ठ्यातलं एक ठेवायचं, उरलेली शेजाऱ्याला द्यायची. असं फिरवत जी हाती येतील त्यांतून आपला संच बांधायचा, खेळायचं आणि उठताना सगळं डब्यात परत. घरून काही आणायचं नाही, घरी काही न्यायचं नाही.

पहिल्या गुरुवारी दुपारी आम्ही चौघंच होतो: ताई, मी, टपाल कचेरीतल्या कारकूनबाई आणि पलीकडच्या इमारतीचा वॉचमन. टेबलावर जबड्यांचे साचे बाजूला सारून बसलो. वॉचमनने आयुष्यात पहिल्यांदा कार्ड धरलं होतं. त्याने मला हरवलं आणि स्वतःच घाबरला.

डब्यात ताईंनी सोनेरी कासवही घातलं होतं. फार जोरकस कार्ड नव्हे, पण दुर्मिळ. दादांच्या कानावर गेलं तसे ते धापा टाकत जिना चढून आले.

"अगं वेडी का खुळी? त्याला माणसं हात लावतात! मला दे. मागशील ते देतो."

"ते विकायचं नाही."

"आज नाही म्हणशील. उद्या कुणी खिशात घालून नेलं, की बसशील रडत."

ताईंनी कासव शोधून काढलं, कवळी घासायचं यंत्र सुरू केलं आणि त्याची बारीक सुई कार्डाच्या कोपऱ्यात घातली. घर्र झालं. कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढं गोल भोक पडलं.

"आता नेऊ दे कुणालाही. भोकाचं कार्ड कोण विकत घेतंय?" त्या म्हणाल्या.

दादांचा चेहरा पांढराफटक पडला. ते तडक जिना उतरून गेले. मग ताईंच्या लक्षात आलं, भोकाचं एकच कार्ड पाठीमागूनही ओळखू येणार. दोन दुपारी बसून त्यांनी उरलेल्या तीनशे एकोणसाठ कार्डांना त्याच जागी भोकं पाडली.

आठवड्याने क्लबाच्या दारावर नोटीस लागली: भोकाची कार्डं खेळणाऱ्यांना प्रवेश नाही. खाली ताईंचं, माझं आणि कारकूनबाईंचं नाव. मी खजील झालो. ताई क्लबात गेल्या, नोटिशीपुढे उभं राहून पेन काढलं आणि वॉचमनचं नाव त्याखाली लिहिलं. "हा राहिला होता," म्हणाल्या. दोन क्लबवाले ते बघून हसले आणि पुढच्या गुरुवारी वर आले. तीन महिन्यांत आठही खुर्च्या भरल्या.

दादा मात्र वर्ष झालं, बोलत नाहीत. एकदा मी विचारलं, "वाईट वाटतं का?"

"वाटतं ना. सख्खा भाऊ आहे. म्हणून काय कार्डं परत कोंडून घालू?"

त्यांनी दादांना एकदा निरोप पाठवला, खुर्ची देते म्हणून. उत्तर आलं नाही. दुसरा निरोप त्यांनी पाठवला नाही.

मध्यंतरी कारकूनबाईंची बदली झाली. ताईंनी आपल्या वाट्याच्या उरलेल्या कार्डांतून त्यांना दुसरा डबा बांधून दिला. परवा त्यांचा फोन आला: तिथे पाच जण जमलेत, साहेब नाक मुरडतात, पण जेवणाच्या सुट्टीत खेळ चालूच आहे.