न्हाणीघराची सपाट फरशी

घरातलं कुठलं काम आपण करावं आणि कुठलं माणूस बोलावून करून घ्यावं, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, "पाण्याचं काम आहे का?" नसेल तर खुशाल करा घरच्या घरी. रंग लावा, दारांच्या कड्या बदला, न्हाणीच्या दाराला खालून पत्रा ठोका. मी स्वतः ठोकलाय. पण फरशीला हात घालायचा म्हटलं की मी आधी गवंडी बोलवा म्हणते. "खर्च किती वाचतो काकू," असं आमच्या गल्लीतल्या सुना म्हणतात. वाचतो ना. आमचाही वाचला होता.

नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट सांगते. आम्ही नाशकात सातपूरला बैठ्या घरात राहत होतो. आमचे हे तिथल्याच एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे लोखंडाची अवजारं-साचे घडवायच्या खात्यात होते. सासूबाई निफाडकडच्या गावात एकट्या राहायच्या. त्यांचे गुडघे पार गेले, तेव्हा हे जाऊन त्यांना घेऊन आले. त्या आल्या आणि दुसऱ्याच दिवशी मला जवळ बसवून म्हणाल्या, "हे बघ, मला भाकर उशिरा दे, शिळी दे, माझं काही म्हणणं नाय. पण माझ्या अंघोळीला कुणी आत यायचं नाय."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांच्या सासूला अंथरुणात चार वर्षं त्यांनीच आंघोळ घातली होती. "ती डोळे मिटून घ्यायची," म्हणाल्या. "मी अंगाला हात लावला की डोळे मिटायची. मला तसं नको."

आता आमची न्हाणी कशी, तर शहाबादी फरशी, मधोमध खचलेली, कोपऱ्यात शेवाळ, भिंतीतून ओल थेट स्वयंपाकघरात आलेली. आम्ही सवयीनं कडेकडेनं पाय टाकायचो. सासूबाईंना ते कसं जमावं? दोनदा त्यांचा पाय घसरता घसरता राहिला. म्हणून न्हाणी नवीन करायची ठरली.

ह्यांनी एका गवंड्याला बोलावलं. सुरगाण्याकडचा माणूस, पण बरीच वर्षं नाशकात काम करत होता. त्यानं थापीच्या दांड्यानं फरशी वाजवून पाहिली. पोकळ आवाज आला. म्हणाला, सगळं उकरावं लागेल, खालचा पाइप बदलावा लागेल. मग त्यानं मजुरी सांगितली, आणि हे बोटांवर हिशेब करू लागले. त्या वर्षी कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला होता, आणि मुलीचं कॉलेज तोंडावर आलं होतं.

गवंड्याला ते समजलं असावं. तो म्हणाला, "साहेब, असं करा. टाइल्स तुम्ही आणा, सेकंडच्या, डागी आणा, माझं काय जात नाय. भिंतीच्या तुम्हीच चिकटवा. फक्त पाइप न् खालची फरशी मला करू द्या. उताराचं काम हाय."

"उतार!" हे म्हणाले. "केसाच्या जाडीचा फरक मी नुसत्या बोटानं ओळखतो. एवढीशी न्हाणी मला जमणार नाही?"

"जमंल की. पण लोखंड ठेवलं तिथं ऱ्हातं साहेब. पाण्याला जायचं असतं."

"मग त्याला तिकीट काढून देऊ," हे म्हणाले. गवंडीही हसला, चहा घेतला आणि गेला. तो बिचारा निम्मं काम सोडायला तयार होता. आज वाटतं, त्याचं ऐकायला हवं होतं. पण तेव्हा मलाही ह्यांचाच अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

मग पाच रविवार आमच्याकडे छन्नी-हातोडा चालला. पाइप ह्यांनी ओळखीच्या प्लंबरकडून घालून घेतला, बाकी सगळं स्वतः. मी घमेल्यातून माती बाहेर टाकायची, वाळू चाळायची, टाइल्स भिजत घालायची. त्या महिनाभर आम्ही मागच्या अंगणात साडीचा आडोसा करून आंघोळ करायचो. सासूबाई तर उजाडायच्या आत उरकून घ्यायच्या, शेजारच्या गच्चीवर कुणी यायच्या आधी. थंडीचे दिवस होते. कुडकुडत आत यायच्या, पण तक्रार नाही. "पोरगा माझ्यासाठी करतोय," एवढंच.

आणि खरंच त्यांच्यासाठीच करत होते हो. म्हणून तर ती चूक झाली. सासूबाई प्लास्टिकच्या स्टुलावर बसून आंघोळ करायच्या. ह्यांनी विचार केला, फरशीला उतार दिला तर स्टूल डगडगेल, आई पडेल. म्हणून फरशी सपाट पाहिजे. कारखान्यातून स्पिरिट लेव्हल, ती सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी, आणली होती. एकेक टाइल बसवायची, लेव्हल उभी धरायची, आडवी धरायची, बुडबुडा मधोमध आला की पुढची. उतार दिला तो फक्त पाणी जायच्या जाळीला लागून असलेल्या एका टाइलला.

शेवटच्या रविवारी त्यांनी आम्हाला सगळ्यांना बोलावून दाखवलं. फरशीच्या बरोब्बर मध्यावर लेव्हल ठेवली. बुडबुडा हलेना.

"आहे का कुणा गवंड्याची टाप?" हे म्हणाले.

सासूबाईंनी नळाला हळदकुंकू लावलं, भिंत धरून आत दोन पावलं टाकली आणि म्हणाल्या, "पाय कसा सरळ पडतोय रे बाबा." ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते नळ बंद झालाय का बघायच्या निमित्तानं पाठमोरे झाले.

दुसऱ्या दिवशी पहिली आंघोळ मी केली. पाणी ओतलं, ते पसरलं आणि थांबलं. जाळीजवळचं तेवढं गेलं. बाकीचं माझ्या पायांभोवती तसंच, वर साबणाचा फेस. मी खराट्यानं ढकलून दिलं. बाहेर आले तर हे विचारतात, "कशी झालीय?"

"छान झालीय," मी म्हणाले.

तिथंच बोलायला हवं होतं. पण पाच रविवार त्या माणसानं कंबर मोडली होती. त्याच्या हातांना सिमेंटनं चिरा पडल्या होत्या, मी रोज रात्री तूप लावत होते. त्याला कसं सांगू, की हे सगळं परत फोडा? मी म्हटलं, सांगू नंतर. ह्यांना कळलं नव्हतं असंही नाही. आठच दिवसांत रबराचा वायपर आणून न्हाणीच्या दारामागे टांगला. "आंघोळ झाली की एकदा ओढून घ्यायचं," म्हणाले. बस. त्यापुढे त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही. सासूबाईसुद्धा नाही.

मी रोज त्यांना दाराबाहेरून सांगायची, "आई, पाणी राहू द्या. मी ओढते."

"हो गं," त्या म्हणायच्या. आणि मी आत जावं तर फरशी ओढून झालेली असायची. ज्या बाईला खाली वाकता येत नव्हतं ती स्टुलावरून उठून, एका हातानं नळ धरून, दुसऱ्या हातानं पाणी ढकलायची. मला कळत होतं. दीड-दोन वर्षं मला ते रोज कळत होतं.

मग एका सकाळी मी पोळ्या करत होते आणि न्हाणीतून आवाज आला. ओरडल्याचा नाही. वायपरचा दांडा भिंतीवर आपटल्याचा, आणि मग काहीच नाही. कडी त्या लावायच्या नाहीत, तेवढं त्यांनी माझं ऐकलं होतं. आत गेले तर त्या एका कुशीवर पडलेल्या, खाली फेसाचं पाणी, आणि हातानं त्या अंगावर लुगडं ओढून घेत होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं.

दवाखान्यात हे धापा टाकत आले. सासूबाईंनी त्यांना पाहिल्या पाहिल्या सांगितलं, "स्टुलाचा पाय मोडका हाय रे. फेकून दे ते."

स्टूल धडधाकट होतं. ह्यांनी घरी येऊन ते उलटं करून चारी पाय तपासले, माझ्यादेखत.

ऑपरेशन झालं, पण त्या काही पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. खाटेवरच मी ओल्या फडक्यानं अंग पुसायची. पहिल्या दिवशी हात लावला आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मीही मग भिंतीकडे बघत पुसायला शिकले.

ह्यांनी त्याच गवंड्याला शोधून आणलं आणि आईच्या स्टुलासाठी फरशी सपाट ठेवल्याचं त्याला सांगून टाकलं. मला वाटलं, तो टोमणा मारणार. त्यानं खाटेकडे पाहिलं, सासूबाईंना रामराम केला आणि कामाला लागला. दोन दिवसांत फरशी फोडली, खडबडीत टाइल्स बसवल्या. लेव्हल नाही, काही नाही. मधूनमधून तांब्याभर पाणी ओतायचा, वाट बघायचा, आणि ते कुठं वळतंय बघून थापी चालवायचा. हे दारात उभे राहून बघत होते.

"फार नाय लागत उतार," गवंडी त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "आजीचं स्टूल हललं नसतं."

मला वाटलं, हे त्यानं बोलायला नको होतं. पण त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, तो आपलं काम समजावत होता.

टाइल्स पक्क्या झाल्यावर सासूबाईंनी हट्टच धरला. एकदा मला आत न्या. डॉक्टर नको म्हणाले होते. तरी एका रविवारी ह्यांनी आणि मी त्यांना खुर्चीसकट उचलून न्हाणीत ठेवलं. गरम पाण्याची बादली हाताशी दिली, तांब्या दिला.

"जा आता दोघं," त्या म्हणाल्या.

आम्ही दार लोटून बाहेर उभे राहिलो. तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज आला. पाणी पडलं. जाळीतून ते खळखळ करत गेलं, एका दमात. ह्यांनी भिंतीला डोकं टेकलं. परत तांब्या बुडाला. मग तो फरशीवर पडला, गडगडत गेला.

"ये गं आत," सासूबाई म्हणाल्या. "नाय उचलत हात."

मी आत गेले, दार ओढून घेतलं आणि तांब्या उचलला.