मरळ मी मारली, फोटो मेहुण्याचा

बोडीतली ती मरळ मी मारली. हे आधीच सांगून टाकतो, नंतर मधे बोलायला लोक टपलेले आहेत.

पन्नास सालानंतरची, गडचिरोलीकडच्या आमच्या गावची गोष्ट. उन्हाळ्यात बोडीचं, म्हणजे गावच्या लहान तळ्याचं, पाणी उतरलं की सारं गाव मासोळ्या धरायला उतरायचं. त्या दिवशी माझ्या जाळ्यात अशी मरळ आली, की तिला बाहेर ओढताच उरलेलं पाणीही वीतभर खाली गेलं. खोटं वाटत असेल तर बोडीला विचारा!

माझा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ, जंगल खात्यात कारकून. तो पाळीवर, बोडीच्या बांधावर, उभा होता. गळ्यात लोहाराच्या भात्यासारखा उघडणारा जुनाट कॅमेरा, कुण्या गोऱ्या साहेबानं जाताना दिलेला.

"भाऊ, मासोळीसंगं माया फोटो काढा. नाई त कोणी मानणार नाई."

"काढतो ना, जवाईबापू! रोलमधी दोनच उरले. पयले तुमी शिकून घ्या, माया काढा. मंग मी तुमचा काढतो."

या अगत्याला मी भुललो! मरळ त्याच्या हाती दिली आणि शाळा सुरू झाली. भिंगाच्या कड्यावर फुटांचे आकडे. अंतर मोजून आकडा लावायचा, नाही तर माणूस धुरात उभा असल्यासारखा येतो. मी बैलाचा कासरा आणला, मेहुण्याच्या नाकापासून भिंगापर्यंत ताणला, हातानं मोजून त्याचे फूट केले. ऊन पाहून भिंगाचं छिद्र बारीक केलं. श्वास कोंडला, खटका दाबला.

"आता माया!"

"थांबा, ढग आला," मेहुणा म्हणाला. वैशाखाच्या कोऱ्या आभाळात त्याला ढग दिसला! शिवाय हात दुखले म्हणून मरळ त्यानं पळसाच्या पानांवर ठेवली. तिथंच एक म्हातारबाई विळी घेऊन बसलेली. मोठी मासोळी साऱ्या गावाची, वाटे पाळीवरच पडायचे.

"बाई, थांब जराशी!" मी ओरडलो.

"काऊन थांबू? फोटो खाऊन पोट भरते काय?" आणि मुंडकं वेगळं.

रोल चांद्याहून धुवून आला. मी काढलेला फोटो असा लख्ख, की मरळीचे खवले मोजा, हवे तर मेहुण्याच्या मिशीचे केसही. त्यानं काढलेल्यात मी: पानावर चार तुकडे, आणि चेहरा आहे की रताळं ते कळत नाही!

तो लख्ख फोटो मेहुण्याच्या ओसरीवर लागला. पाहुणे विचारतात, "एवढी मोठी तुमीच मारली का जी?" हा बदमाश हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, मिशीत हसतो. आणि माझी बायको, जी त्या दिवशी पाळीवर माझ्याच बाजूला उभी होती, ती म्हणते, "माया भावानं मारली. फोटोत दिसून राह्यली ना. तुमी कुठी आहा त्याच्यात?"

कॅमेऱ्याच्या मागं होतो, बाई! मागं!