घरात नसलेला नीनोंग

मनिलात सप्टेंबर उजाडला की नाताळची गाणी सुरू होतात, आणि डिसेंबर सरत आला की नीनोंग गायब होतात. बाप्तिस्म्याला पोर हातात धरून देवासमोर त्याचा दुसरा बाप झालेला, तो नीनोंग. नाताळच्या सकाळी पोरं नटूनथटून त्याच्या दारात येतात, त्याचा हात कपाळाला लावतात आणि भेट घेऊन जातात. ज्याच्याकडे द्यायला काही नसतं, तो त्या दिवशी नेमका गावाला गेलेला असतो. सगळी गल्ली यावर खो खो हसते. सेब्योही हसायचा.

सेब्यो नाटक कंपनीच्या कपडेपटातला शिंपी. वय बावन्न, पोट सुटलेलं, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. काम करताना टाचण्या तोंडात धरायचा. "तोंडात टाचण्या असल्या की माणसाला खोटं बोलता येत नाही," असं म्हणून नटनट्यांना हसवायचा. त्या वर्षी कंपनीनं संगीतिका घेतली होती. सेब्योच्या कॉलेजच्या काळात जी गाणी रेडिओवर वाजायची, तीच एकात एक गुंफून केलेली; गोष्ट कॉलेजातल्या दोस्तीची आणि मागाहून पस्तावण्याची. तालमीला पहिलं गाणं सुरू झालं आणि सेब्यो मशीन थांबवून उगाच तेल घालत बसला.

कारण ते गाणं पिदोचं होतं. म्हणजे लिहिलं दुसऱ्या कुणी, पण कॉलेजात असताना दोघं मिळून राहायचे त्या साम्पालोक भागातल्या खोलीत, एकाच गिटारवर, बेसूर आवाजात ते रोज गायचा पिदो. सार्डिनचा एक डबा दोघांत, भाताची खरवडही दोघांत. रस्त्यावर कमरेएवढं पाणी असताना तापानं फणफणलेल्या सेब्योला पिदोनं पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं होतं, आणि वाटभर शिव्या दिल्या होत्या. "मेल्या, किती जड आहेस! माझ्या वाटचा भातही तूच खातोस, होय ना?"

"तुझं पहिलं पोर होईल ना, त्याचा नीनोंग मीच," सेब्यो पाठीवरून बरळला होता. आणि झालाही.

दुसऱ्या दिवशी मापांच्या यादीत त्याला नाव दिसलं : सोलिता बांतिग. पिदोची लेक.

वीस-एकवीस वर्षांची सडपातळ पोरगी समोर हात पसरून उभी राहिली. कपाळ थेट बापाचं. सेब्योनं टेप लावला, आकडे चुकीचे लिहिले, खोडले.

"काका, आकडे चुकताहेत तुमचे. जेवलात की नाही?"

सेब्योनं टाचण्यांकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. पुढचे दोन महिने तो तिच्याशी असाच बोलला. रोज ठरवायचा, आज सांगू. रोज तिच्या झग्याची एक शिवण उसवून पुन्हा घालायचा.

सांगायचं ते एवढंच होतं. ती नऊ वर्षांची असताना सेब्योचं काम सुटलं होतं. त्या नाताळला दाराची कडी वाजली आणि तो पडद्यामागे जाऊन उभा राहिला. बायको लुर्दिसनं दार अर्धवट उघडलं. "अगोबाई, भावजी! हे नाहीत हो, बातांगासला गेलेत."

"असू दे, वहिनी," पिदोचा आवाज आला. आवाज खोल गेला होता. "आलोय तर एक गाणं म्हणून जातो. चल गं सोली."

दोघांनी गाणं म्हटलं. तेच. सेब्यो पडद्याला धरून शेवटपर्यंत उभा राहिला आणि बाहेर आला नाही. रिकाम्या हातानं लेकराला सामोरं कसं जायचं, एवढीच लाज होती. फेब्रुवारीत पिदो गेल्याची बातमी आली. कर्करोगानं पोट पोखरलं होतं त्याचं. तो भेट मागायला नव्हे, निरोप घ्यायला आला होता. सेब्यो मातीलाही गेला नाही. कुठल्या तोंडानं जाणार? ती नामुष्की बारा वर्षं त्याची पाठ सोडत नव्हती.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी तिच्या झग्याचं अस्तर सुटलं. ती धावत आली. सेब्यो नेहमीसारखा चपला मशीनखाली काढून अनवाणी बसला होता. त्यानं टाके घातले, आणि तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीला खोचल्या.

"सोली, मी तुझा..."

"माहीत आहे, नीनोंग."

सेब्योनं चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं.

"माझ्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तुमचं नाव आहे. पहिल्याच दिवशी ओळखलं. म्हटलं, बघू, तुम्ही कधी सांगता."

"पोरी, त्या नाताळला मी घरातच होतो गं."

"तेही माहीत आहे. दारात तुमच्या निळ्या चपला होत्या. ओल्या. नळावरून नुकत्याच आलेल्या." ती झग्याची घडी नीट करत राहिली. "पापांनी त्या बघितल्या. वाकून माझ्या कानात म्हणाले, मोठ्यानं म्हण, सोली, नीनोंग ऐकतोय. मला राग आला होता. मी मुद्दाम हळू गायले. घरी येईपर्यंत पापा बोलले नाहीत माझ्याशी."

तिनं त्याचा हात उचलला आणि कपाळाला लावला. सेब्योला तो मागे घ्यायचा होता. आशीर्वाद द्यायची आपली लायकी नाही, हे तिला सांगायचं होतं. तेवढ्यात घंटा झाली आणि ती पळाली.

पलीकडे वाद्यं लागली. सुरुवातीला तेच गाणं, आणि त्याचं पहिलं कडवं तिचंच होतं. सेब्यो विंगेत, काळ्या पडद्यामागे उभा राहिला, हातानं पडदा धरून. मग त्याच्या लक्षात आलं, आपण पुन्हा कुठे उभे आहोत. तो मागच्या बोळातून धडपडत निघाला आणि प्रेक्षागृहाचं दार ढकलून मधल्या वाटेत, उजेड पडत होता तिथे जाऊन उभा राहिला. दारावरचा माणूस दबक्या आवाजात खेकसला, "अहो, बसा! आणि तुमच्या चपला कुठे आहेत?"

सोलितानं त्याला पाहिलं, आणि ती मोठ्यानं गाऊ लागली.