तुटलेल्या केबलमधून गेलेला उजेड

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं म्हणवत नाही. मी नेटवर्क इंजिनियर. मोजता येतं तेवढंच मानणारा. घडलं ते सांगतो. वाचून माझ्याबद्दल वाईट मत झालं तर… ते बरोबरच असेल.

शाहूपुरीत आमच्या टेलिकॉम कंपनीचं ऑफिस आहे. मागच्या वर्षी कोल्हापूर–आजरा मार्गावर नवीन ऑप्टिकल मशीन्स बसवली. फायबर, म्हणजे केबलमधली उजेड वाहून नेणारी काचेची तार, जशी असेल तसा स्पीड कमी-जास्त करता येतो, हे त्यांचं वैशिष्ट्य. आधी फायबर मोजायची, मग स्पीड ठरवायचा. मी न मोजताच सगळ्यात वरचा स्पीड लावला. मॅनेजर सरांना दाखवायची घाई, दुसरं काही नाही.

आठवड्याभरात लिंक पडायला लागली, आजऱ्याचं नेट मधेच बंद व्हायचं. मीटिंगमध्ये सरांनी कारण विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, उत्तूरजवळचा जोड खराब आहे."

वाटेतल्या उत्तूरजवळ फायबरची दोन टोकं जोडलेली होती; तो जोड भैरू तात्यांचा. कंत्राटी माणूस, पण वीस वर्षं फायबर जोडत आलेला. तात्या दाराशीच उभे होते. "जोड माझा हाय साहेब, पर खराब न्हाय. मोजून बघा की!"

मी लॅपटॉपकडे बघत राहिलो.

तात्यांना कामावरून काढलं. दुसऱ्या माणसाने जोड नुसता उघडून पुन्हा बंद केला, आणि त्याच दुपारी मी गुपचूप स्पीड खाली आणला. लिंक स्थिर झाली. सगळ्यांना वाटलं — दुरुस्ती झाली!

तीन-चार महिन्यांनी तात्या हार्ट अटॅकने गेले. मातीला मी गेलो नाही.

यंदा मे महिन्यात, भर दुपारी, आमच्या फील्डवरच्या सुनीलचा उत्तूरहून फोन. "साहेब, रस्त्याच्या खोदाईत केबल तुटली! दोन्ही टोकं माझ्या हातात हायत. आजरा बंद पडलं असंल न्हवं?"

माझ्या स्क्रीनवर आजरा हिरवं. एकही एरर नाही.

वाटलं, दुसऱ्या कुणाची केबल असेल. सुनीलने व्हिडिओ कॉल लावला. आमचंच नाव छापलेली केबल, पार दोन तुकडे… आणि शेजारी तात्यांच्या जोडाचा काळा डबा. सिग्नलला आजऱ्यापर्यंत जायला दुसरी केबलच नव्हती. मग त्याच केबलमधली एक रिकामी फायबर मी ऑफिसातून मोजली. मशीनने थेट आजऱ्यापर्यंत सलग रेघ दाखवली. जोड खराब असला की तिथे रेघ खाली घसरते; तात्यांच्या जोडापाशी ती जराही खाली आली नाही. इतका स्वच्छ जोड मी कधी पाहिला नव्हता.

भीती नंतर वाटली. आधी कान तापले, लाजेने.

जोडायला सुनीलला अडीच तास लागले. "आलं का साहेब?"

"गेलंच नव्हतं रे."

"थट्टा करताय व्हय?"

रिपोर्टमध्ये मी लिहिलं — मॉनिटरिंग सॉफ्टवेअरची चूक. खरं तर त्या अडीच तासांत आजऱ्यातून एकही तक्रार आली नव्हती.

रविवारी तात्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोला मान खाली घालून सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"आमास्नी म्हाईत हुतं की. ह्यांनी त्याच दिवशी सांगितलं — साहेब भ्यालाय म्हणून." त्यांनी सूप खाली ठेवलं. "हापिसात सांगितलासा?"

"नाही."

"मग हितं कशाला आलासा?"

तुटलेल्या केबलमधून उजेड कसा गेला, मला आजही सांगता येत नाही. जे सांगता येतं, ते मॅनेजर सरांना अजून सांगितलेलं नाही. इथे लिहिलंय… तेही स्वतःचं नाव लपवून.