बाणाच्या टोकाला पप्पा

पप्पांना बुडून आज एक वर्ष झालं.
ते घरापासून किती लांब आहेत, हे मशीन आम्हाला आकड्यात सांगत होतं.

नवीन मित्रांसाठी सांगते. माझं माहेर पाचूबंदरचं. पप्पा आणि माझा धाकटा भाऊ सायमन आमची मासेमारीची बोट चालवायचे. बोटीवर एक मशीन होतं, फिश फाइंडर आणि जीपीएस एकाच स्क्रीनवर. पाण्याखाली मासा कुठे आहे ते दिसायचं, आणि आपण कुठे आहोत तेही.

पप्पा त्याला "माझा टीव्ही" म्हणायचे. रोज रुमालाने पुसायचे. घरात माझ्या लग्नाच्या फोटोवर धूळ बसलेली त्यांना चालायची, त्या टीव्हीवर नाही.

त्या मशीनला एक लाल बटण आहे. कोणी बोटीवरून पडलं की दाबायचं. मग मशीन ती जागा लक्षात ठेवतं आणि तिकडे जायला बाण दाखवतं.

"सायमन, मी पडलो तर पयला ह्यो बटन दाब. मंग वरड," पप्पा शिकवायचे.

सायमनने तसंच केलं.

सकाळची वेळ, समुद्र शांत. जाळं ओढताना पप्पांचा पाय सटकला. सायमनने बटण दाबलं, ओरडला, उडी मारली. आजूबाजूच्या बोटी धावून आल्या. बाण बरोबर त्या जागेवर आणून सोडत होता.
पप्पा तिथे नव्हते.

ते सापडलेच नाहीत. परत आला तो त्यांचा जेवणाचा स्टीलचा डबा. भरलेला.

आयने तो उघडला आणि होती तिथेच बसली.
"उपाशी गेला," एवढंच म्हणाली.

फादर घरी आले, मृतांसाठीच्या मिस्साबद्दल, चर्चमधल्या प्रार्थनेबद्दल बोलले. आयने हात जोडले.
"फादर, मी माती दिली नाय. मिस्सा नको. उपाशी मानूस घरी येतोच."

मला राग यायचा. खरंच खूप राग. लोक कबरीवर मेणबत्ती लावतात, हुंदका देतात, घरी जातात. मी कुठे जाऊन रडायचं?

पावसाळ्यात बोटी वर ओढल्या. सगळ्यांसारखा सायमनही मशीन काढून घरी घेऊन आला. बॅटरी जोडली, अँटेना खिडकीत टांगला, चालू आहे का बघितलं.

स्क्रीनवर बाण आला. पुढच्या दाराकडे, समुद्राच्या दिशेने. खाली अंतर.

आय तव्यावरची भाकर तशीच टाकून आली.
"ह्यो तोच हाय?"
सायमनने मान हलवली. त्याला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा जुना प्रॉब्लेम.

मग रोज संध्याकाळी मशीन लागायला लागलं. लोकांच्या घरी सिरियल, आमच्या घरी पप्पा.

मी फुलपाड्याच्या माझ्या घरून शनिवारी जायचे, तेव्हा मलाही समोर बसावं लागायचं. अंतराचा शेवटचा आकडा सारखा हलायचा. थोडा वाढायचा, थोडा उतरायचा.

"आज जवळ आलाय," आय म्हणायची.

मी सातिवलीच्या एका कंपनीत क्यूसीला आहे. रीडिंग बघून माल पास करायचा, नाहीतर परत पाठवायचा, हेच माझं काम. म्हणून तिला समजावलं, "आय, घरात सिग्नल नीट येत नाही, त्यामुळे आकडा हलतो. जागा हलत नाही."

"जागा नाय हलत गो बाय," ती शांतपणे म्हणाली. "तो हलतो."



त्या रात्री तिने पुढच्या दाराला कडी लावली नाही.
सकाळी उंबऱ्याच्या आत पाणी होतं.
पावसाचंच असणार.
मी चाखून बघितलं नाही.

परवा आयचा फोन आला. "वरीस झाला. तो येत नाय, तर मी जाते."

हातातला चहा तसाच ठेवून मी निघाले.

आज सकाळी आम्ही तिघं बोटीवर होतो. आय आजवर फक्त सणाला बोटीवर चढलेली. मांडीवर तोच डबा, आत भाकर आणि बोंबलाची चटणी. मी तिचा पदर माझ्या मनगटाला गुंडाळून बसले होते. ती उभी राहिली की मीही उभी राहायचे.

अंतर कमी होत होत शून्यावर आलं. मशीन वाजलं. सायमनने इंजिन बंद केलं.

"इथे कायम मासा असतो, ताई," तो हळूच म्हणाला.
स्क्रीन रिकामी होती. नुसता तळ.

"किती खोल हाय?" आयने विचारलं.
"ताईच्या बिल्डिंगएवढं. सात मजले."
"म्हंजे लांब नाय."

मी पदर घट्ट धरला.

तिने फक्त डबा पुढे केला. तो तरंगू नये म्हणून सायमनने त्याला जाळ्याची शिशाची वजनं बांधली. आयने डब्यावर क्रुसाची खूण केली आणि दोन्ही हातांनी पाण्यात सोडला.

फिश फाइंडरवर खाली जाणारी वस्तू तिरक्या रेघेसारखी दिसते. डब्याची रेघ आम्ही तिघं बघत होतो. खाली. अजून खाली.

तळाला लागायच्या थोडं आधी ती रेघ थांबली.
आणि पुसली गेली.

मला माहीत आहे. बोट वाहत जाते, वस्तू मशीनच्या टप्प्याबाहेर जाते. हे रीडिंग मी पास करणार नाही.
परतही पाठवणार नाही.

"घेतला," आय म्हणाली.

आणि वर्षभरात पहिल्यांदा रडली. मीही रडले, तिथेच, भर समुद्रात. मला जागा मिळाली.

थोड्या वेळाने डोळे पुसून ती म्हणाली, "सायमन, पूस आता ती खून. मानूस जेवलाय, त्याला झोपू दे."

सायमनने खूण पुसायच्या बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. आयने त्याच्या हातावर हात ठेवून बटण दाबलं. बाण गेला.

आता संध्याकाळ आहे. मशीन बंद आहे. मी माहेरच्या ओटीवर बसून हे लिहीत होते, आणि आताच आयने मला आत बोलावून पुढच्या दाराला कडी लावली.

रविवारी सकाळी पप्पांसाठी मिस्सा आहे, आमच्याच चर्चमध्ये. जमेल त्यांनी या.

पप्पा, जेवलात ना?
झोपा आता.