आठ पाय

प्रयोगशाळेत सगळे त्यांना मुंगीकाका म्हणत. खरं तर काका सांभाळत ते कोळी. पण ते कोळीही असे नाटकी, की हुबेहूब मुंगीचं सोंग घ्यायचे: बारीक कंबर, तुरुतुरु चाल, आणि पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून मिरवणं. भल्याभल्यांची फसगत व्हायची. काकांची एकवीस वर्षांत एकदाही झाली नव्हती.

संशोधन करणाऱ्या ताई नवीन होत्या तेव्हा काकांनीच त्यांना शिकवलं होतं, "रूपावर जायचं नाही, ताई. पाय मोजायचे. मुंगीला सहा, कोळ्याला आठ. आणि कोळी मागे धागा सोडतो, मुंगी नाही."

आता मात्र काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशन करून घ्या म्हणून बायको रोज कानीकपाळी ओरडायची. "प्रयोगशाळेत कळलं तर मला काचेच्या नळ्या धुवायला बसवतील," एवढंच ते म्हणायचे. त्या नुसत्या विचारानं त्यांना रडू यायचं.

ताईंच्या दोन वर्षांच्या कामातली कोळ्याची एकच मादी उरली होती, अंडी घालायच्या बेतात असलेली. एका सकाळी तिच्या नळीचा कापसाचा बोळा सैल निघाला. आत कुणी नाही. आदल्या संध्याकाळी बोळा काकांनीच लावला होता.

टेबलावर दोन काळे ठिपके पळत होते. एक त्यांच्या हातावरच चढू लागला. ही मेली मुंगी, म्हणून त्यांनी अंगठ्यानं दाबून टाकली. दुसरा थांबला, पुढचे दोन पाय वर धरून मिरवल्यासारखा वाटला. "सापडलीस गं बाई!" कुंचल्यानं अलगद उचलून त्यांनी तिला नळीत घातलं, बोळा घट्ट बसवला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

ताई आल्या. भिंग लावून बराच वेळ बघत राहिल्या.

"काका, पाय मोजलेत ना?"

"मोजले की."

"सहा आहेत."

काका हसायला गेले, पण जमलं नाही.

"टेबलावर आणखी काही होतं?"

काकांनी अंगठा पुढे केला. ताईंनी तो उजेडात धरला.

"काय आहे, ताई?"

"धागा."

काकांना तो दिसतच नव्हता. ताई एक शब्दही रागानं बोलल्या नाहीत, आणि तेच काकांना सोसवेना. ते उठले आणि कुणी न सांगता नळ्या धुवायला बसले.