पेवात सोडलेला कंदील
जुन्या ज्वारीचा आंबूस वास आला की माझा श्वास अजून अडकतो. निजामाच्या राज्यात आमच्या गावी ज्वारी जमिनीखालच्या पेवात ठेवत. तोंडावरची शिळा काढली की आत कोंडलेली वाईट हवा जायला पेव दिवसभर उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा, तो जळत राहिला तरच माणूस उतरायचा. त्या दिवशी दारात पाहुणे आले म्हणून थोरले दीर घाईनं तसेच उतरले आणि गुदमरून गेले. वर दोरी धरून आमचे मालक एकटेच होते, आणि सकाळीच दोघं भाऊ बांधावरून भांडलेले. दुसऱ्या दिवशी पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावरून आले. त्यांनी प्रेताचा गळा निरखला, वळ दिसला नाही, मग पेवात कंदील सोडला. तो तळाशी जाऊन संथ जळत राहिला. "हवेनं मेला म्हणता, मग ह्यो कावून जळतोय?" रात्रभरात वाईट हवा निघून गेली होती, पण ऐकतो कोण? शिपायानं मालकांचे हात बांधले. मी पदर पुढं ओढून सासऱ्यांना म्हणाले, "मामा, शेजारचं पेव अजून बंद हाय, ते उघडा." शिळा सरकली, कंदील उतरू लागला. दिवा विझला हा शब्दसुद्धा आमच्यात कुणी काढत नाही, आणि मी पुटपुटत होते, विझू दे देवा, विझू दे. अर्ध्यावर तो विझला. मालक सुटले. शेजारी बसलेल्या थोरल्या जाऊबाईंनी माझं पुटपुटणं ऐकलं होतं. आता घरात आम्ही दोघीच म्हाताऱ्या उरलोय. तिन्हीसांजेला देवापुढचा दिवा त्या मला अजून लावू देत नाहीत.